अश्वशक्तीचा आकडा नेमका कोणाचा? डायनोच्या प्रकारांचा तौलनिक परिचय

प्रतिनिधी, अलिबाग

पुण्याहून ताम्हिणी घाटाने उतरून माणगावमार्गे दिवेआगर-श्रीवर्धनकडे येणाऱ्या अनेक मोटारमालकांचा असा अनुभव असतो, की शहरात काहीशी सुस्त वाटणारी त्यांची छोटी पेट्रोल गाडी किनाऱ्यावर आली की मोकळेपणाने धावू लागते. याचे श्रेय कोणी रिकाम्या रस्त्याला देतो, तर कोणी कोकणच्या हवेला. यातले दुसरे उत्तर पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने बरोबर आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब साधारण ९५० मिलिबारच्या आसपास असतो, तर अलिबाग, मुरूड वा श्रीवर्धनला तो एक हजाराच्या पुढे असतो. टर्बो नसलेले इंजिन जेवढी हवा आत ओढते, त्या प्रमाणातच इंधन जाळू शकते. किनाऱ्यावरची हवा पाच-सहा टक्क्यांनी दाट, म्हणून इंजिनाची ताकदही जवळपास तेवढीच अधिक.

मग त्या गाडीची खरी अश्वशक्ती कोणती, पुण्यातली की श्रीवर्धनमधली? कंपनीच्या माहितीपत्रकात एकच आकडा छापलेला असतो आणि तो या दोन्हींशी जुळत नाही. प्रश्न केवळ कुतूहलाचा असता तर तो सोडून देता आला असता. परंतु इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजे ‘रीमॅप’ करून, किंवा एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून ताकद वाढवून देणाऱ्या कार्यशाळा आता मोठ्या शहरांत रुळल्या आहेत. या कामाचे हजारो रुपये मोजल्यावर ग्राहकाच्या हाती पुरावा म्हणून पडतो तो आलेखाचा एक कागद. हा कागद ज्या यंत्रातून निघतो ते यंत्र म्हणजे डायनॅमोमीटर, बोलीभाषेत ‘डायनो’. त्याचे प्रकार अनेक आहेत आणि एकाच गाडीला ते वेगवेगळे आकडे देतात. कागद वाचण्याआधी तो कोणत्या यंत्राने आणि कोणत्या हिशेबाने दिला, हे कळणे म्हणूनच आवश्यक ठरते.

घोडा, ब्रेक आणि पाणी

अश्वशक्ती हे एकक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जेम्स वॅट यांनी रूढ केले. वाफेचे इंजिन किती घोड्यांचे काम करील, हे खाणमालकांना आणि गिरणीवाल्यांना समजावे, हा त्यामागचा सरळ व्यापारी हेतू. मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ती, असे प्रमाण ठरले. ते आजच्या हिशेबाने ७४५.७ वॅट भरते. युरोपने पुढे आपली मेट्रिक अश्वशक्ती वेगळी मांडली. सेकंदाला ७५ किलो वजन एक मीटर उचलणे म्हणजे एक ‘पीएस’, अर्थात ७३५.५ वॅट. भारतीय जाहिरातींत ‘बीएचपी’ आणि ‘पीएस’ हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. शंभर पीएस म्हणजे ९८.६ बीएचपी. फरक लहान असला तरी दोन गाड्यांची तुलना करताना तो विसरू नये. अलिबागला ओहोटीच्या वेळी पर्यटकांना कुलाबा किल्ल्याकडे नेणाऱ्या गाडीचा घोडा मात्र या व्याख्येत बसत नाही. घोडा क्षणभरासाठी जवळजवळ १५ अश्वशक्ती देऊ शकतो, असे गणित १९९३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. वॅट यांचा आकडा दिवसभर न थकता करायच्या कामाचा होता.

‘डायनॅमोमीटर’ या शब्दाचा मूळ अर्थ बल मोजणारे साधन. फ्रान्समधील एद्मे रेन्ये यांनी १७९८ साली माणसाची आणि ओढकाम करणाऱ्या जनावरांची ताकद मोजण्यासाठी स्प्रिंगचे असे साधन प्रसिद्ध केले. फिरणाऱ्या यंत्राची ताकद मोजण्याची युक्ती १८२१ मध्ये गास्पार द प्रोनी यांनी काढली. इंजिनाच्या फिरत्या चाकावर लाकडाचे ठोकळे आवळायचे, त्या ठोकळ्यांना एक लांब दांडा जोडायचा आणि दांड्याच्या टोकाला वजन लावून तो आडवा तोलून धरायचा. वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे फिरवण्याचा जोर, ज्याला आपण टॉर्क म्हणतो. त्याला फेऱ्यांच्या गतीने गुणले की शक्ती मिळते. ‘ब्रेक हॉर्सपॉवर’ यातला ‘ब्रेक’ तो हाच. आजचा कोट्यवधी रुपयांचा डायनोदेखील तत्त्वतः हेच करतो. सूत्रही बदललेले नाही. न्यूटन-मीटरमधील टॉर्क आणि मिनिटाचे फेरे यांच्या गुणाकाराला ९५४९ ने भागले की किलोवॅट मिळतात. पाच हजार फेऱ्यांना १२० न्यूटन-मीटर देणारे इंजिन ६२.८ किलोवॅटचे, म्हणजे सुमारे ८५ पीएसचे.

प्रोनींचे लाकूड तापून जळू लागे. आगबोटींची मोठी इंजिने त्यावर मोजणे अशक्यच होते. ही अडचण विल्यम फ्रूड या इंग्लिश अभियंत्याने १८७७ च्या सुमारास ब्रिटिश नौदलासाठी सोडवली. त्यांनी ठोकळ्यांऐवजी पाणी वापरले. कप्पे असलेली एक तबकडी इंजिनाबरोबर फिरते, तिच्यासमोर तशाच कप्प्यांची स्थिर तबकडी असते आणि मधले पाणी घुसळले जाऊन फिरण्याला विरोध करते. बाहेरचे कवच थोडे वळू पाहते आणि ते रोखायला लागणारे बल मोजले की टॉर्क मिळाला. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी हा वॉटर-ब्रेक प्रकार आजही वापरात आहे, कारण लहान आकारात तो प्रचंड शक्ती शोषतो आणि किमतीलाही तुलनेने परवडतो. मात्र त्याला पाणी लागते. शंभर पीएसची सगळी शक्ती पाण्यात उष्णता म्हणून मुरते. त्या पाण्याचे तापमान केवळ २० अंशांनीच वाढू द्यायचे ठरवले, तर मिनिटाला सुमारे ५३ लिटर पाणी खेळवावे लागते, म्हणजे तासाला तीन हजार लिटरच्या वर. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात असे यंत्र कूलिंग टॉवर लावून तेच पाणी फिरवल्याशिवाय चालवणे कठीण. समोर अथांग समुद्र असला तरी खारे पाणी सामान्य यंत्राला गंज आणि क्षार देऊन जाते. या प्रकाराची दुसरी मर्यादा अशी, की पाण्याची पातळी बदलायला वेळ लागतो, त्यामुळे भार चटकन आणि नेमका बदलता येत नाही.

ती उणीव एडी करंट प्रकाराने भरून काढली. येथे लोखंडी चकती चुंबकीय क्षेत्रात फिरते. चकतीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि तेच तिला अडवतात. वेटोळ्यातील वीज कमीजास्त केली की अडवणूक क्षणार्धात बदलते. अमुक फेऱ्यांवर इंजिन स्थिर धरून त्याचे इंधन आणि ठिणगीची वेळ जुळवायची असेल, तर हा प्रकार फार सोयीचा. त्याचे वैगुण्य उष्णतेचे. हवेने थंड होणारी चकती लागोपाठच्या चाचण्यांत तापते आणि तापली की तिची अडवण्याची क्षमता घटते. शिवाय अतिशय कमी फेऱ्यांवर तिचा जोर पुरेसा पडत नाही.

सर्वांत महाग तो एसी मोटारीवर चालणारा डायनो. तो इंजिनाला अडवू शकतो, तसेच स्वतः इंजिनाला फिरवूही शकतो. इंजिन बंद ठेवून नुसते फिरवले की त्याच्या आतील घर्षणात किती शक्ती जाते, हेही मोजता येते. शोषलेली शक्ती वीज होऊन जाळ्यात परत जाते. घाट चढणे, उतारावर सोडणे, सिग्नलला थांबून पुन्हा निघणे हे सगळे प्रयोगशाळेत हुबेहूब घडवता येते, म्हणून प्रदूषण आणि इंधनवापराच्या अधिकृत चाचण्या अशाच यंत्रांवर होतात. त्यासाठी गाडी ज्यावर उभी करतात ते रोलर सहसा ४८ इंच व्यासाचे असतात.

इंजिन बाहेर काढून की गाडीसकट?

वरचे तीनही प्रकार दोन ठिकाणी बसवता येतात आणि ग्राहकाच्या दृष्टीने खरा घोळ येथून सुरू होतो. इंजिन गाडीतून काढून थेट डायनोला जोडले, तर तो इंजिन डायनो. माहितीपत्रकातला आकडा या पद्धतीचा असतो. भारतात विक्रीस येणाऱ्या गाडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये अधिकृत चाचणी संस्थेची मान्यता लागते. पुण्यात वेताळ टेकडीवर असलेली, १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच एआरएआय, ही त्यांतली जुनी आणि प्रमुख संस्था. इंजिनाची निव्वळ शक्ती मोजताना त्याला गाडीतला अल्टरनेटर, पाण्याचा पंप, एअर फिल्टर, सायलेन्सर असे आवश्यक साहित्य जोडलेले असावे लागते.

‘निव्वळ’ हा शब्द महत्त्वाचा. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत हे साहित्य काढून टाकलेल्या इंजिनाची ‘ढोबळ’ अश्वशक्ती जाहिरातीत छापली जाई. १९७२ पासून तेथील उत्पादक निव्वळ आकड्यांकडे वळले आणि त्याच इंजिनांचे आकडे कागदावर एकदम खाली आले. मोठ्या कंपन्यांचेही पाय येथे घसरले आहेत. माझदाच्या २००१ सालच्या मियाटा या गाडीची अमेरिकेत १५५ अश्वशक्ती जाहीर झाली होती. प्रत्यक्षात ती १४२ असल्याचे निष्पन्न झाल्यावर कंपनीने ग्राहकांना गाडी परत घेण्याची तयारी दाखवली.

कार्यशाळेत मात्र इंजिन काढण्याचा उपद्व्याप कोणी करीत नाही. तेथे गाडी रोलरवर चढवतात, तो चॅसी डायनो. तो मोजतो ती चाकांवर पोचलेली शक्ती. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर आपापला वाटा घेऊन मगच ती रोलरला मिळते. त्यामुळे माहितीपत्रकात ८५ पीएस असलेली गाडी चाकांवर ७३ दाखवत असेल, तर कंपनीने फसवले असे समजण्याचे कारण नाही.

ही वाटेतली गळती किती, यावर मोटारप्रेमींत अंतहीन वाद चालतात. पंधरा किंवा वीस टक्के धरून चाकांवरच्या आकड्यावरून इंजिनाचा आकडा काढण्याची पद्धत सोपी आहे, पण ती फसवी आहे. गळतीचा काही भाग ताकदीच्या प्रमाणात वाढतो, तर तेल घुसळणे, बेअरिंगचे घर्षण असा बराचसा भाग वेगावर अवलंबून असतो आणि इंजिनाची ताकद वाढल्याने तो तेवढाच वाढत नाही. साहजिकच रीमॅपनंतर चाकांवरचे आकडे जुन्याच टक्केवारीने फुगवले, तर इंजिनाच्या खात्यावर एक-दोन अश्वशक्ती फुकट जमा होतात. काही यंत्रे आलेख संपल्यावर क्लच दाबून गाडी रोलरवर आपोआप मंदावू देतात आणि मंदावण्याच्या गतीवरून घर्षण मोजतात. हा अंदाज टक्केवारीपेक्षा बरा. तरीही तो अंदाजच, कारण भाराखाली दातऱ्यांचे आणि टायरचे वागणे वेगळे असते.

टायर हा तर स्वतंत्र विषय आहे. त्यातली हवा कमी असली, गाडी बांधण्याचे पट्टे जास्त आवळले, रोलर लहान व्यासाचे असले, तर टायर अधिक दबतो आणि अधिक शक्ती खातो. पट्टे ढिले असले तर चाक घसरते. याच कारणाने काही यंत्रांत चाके काढून हबलाच डायनो जोडतात. हब डायनोत टायर आणि घसरण्याचा प्रश्न मिटतो, निकाल पुन्हापुन्हा सारखा येतो आणि आकडा सहसा रोलरपेक्षा थोडा जास्त भरतो. तयारीला वेळ लागतो, हा त्याचा तोटा. जास्त ताकदीच्या गाड्यांवर काम करणारे तंत्रज्ञ तो आनंदाने सोसतात.

भार देणारा रोलर आणि जड रोलर

रोलरच्या डायनोतही दोन तऱ्हा आहेत. एक इनर्शिया प्रकार. यात ब्रेक नसतो, असतो फक्त एक जडशीळ ढोल. गाडीने तो किती वेळात किती वेगाला नेला, एवढेच मोजायचे. समजा ढोल परिघावर १००० किलो वस्तुमानाइतका भारी आहे आणि गाडीने त्याचा वेग ताशी ८० वरून १२० किलोमीटरवर ५ सेकंदांत नेला. ढोलात साठलेली ऊर्जा सुमारे ३,०८,६०० ज्यूल. तिला पाचाने भागले की ६१.७ किलोवॅट, म्हणजे जवळपास ८४ पीएस एवढी सरासरी शक्ती. वेळ एक दशांश सेकंदाने वाढून ५.१ सेकंद झाली, की तोच आकडा ८२ वर येतो. यंत्र साधे, त्यात तापण्यासारखे वा बिघडण्यासारखे फारसे काही नाही आणि ढोलाचे वजन काही बदलत नाही. त्यामुळे एकाच गाडीच्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या तुलनेला हा प्रकार चांगला.

त्याच्या मर्यादा मात्र ठाऊक हव्यात. चाचणी वेग वाढत असतानाच होते. त्या वेळी इंजिनाचे फ्लायव्हील, गिअर, चाके हे सगळे गरगर फिरवण्यातही शक्ती खर्च होते आणि ती ढोलापर्यंत पोचत नाही. खालच्या गिअरमध्ये वेग झपाट्याने वाढतो म्हणून हा खर्च मोठा आणि आकडा लहान. म्हणून चाचणी इंजिन आणि गिअरबॉक्सचे फेरे जवळपास सारखे असतील अशा गिअरमध्ये, बहुतेक गाड्यांत चौथ्यात, घेण्याची प्रथा आहे. दोन कागदांवर गिअर वेगळे असतील, तर तुलना तेथेच संपली. हलक्या ढोलावर टर्बो गाडी इतक्या झटक्यात वर जाते, की टर्बोला पूर्ण दाब भरायला अवसरच मिळत नाही.

दुसरा तो भार देणारा रोलर, ज्याला बहुधा एडी करंटचा ब्रेक लावलेला असतो. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजार फेऱ्यांवर धरून ठेवा, वर पाय पूर्ण दाबा आणि पाच-दहा सेकंद काय होते ते पाहा, असे यावर करता येते. पेण-वडखळच्या सपाटीवर न जाणवणारा दोष कार्ले खिंडीच्या चढावर गाडी भरून जाताना जाणवतो, तो नेमका अशा भाराखालीच सापडतो. इंजिन ठोकत आहे का, मिश्रण जास्त सौम्य होते का, क्लच घसरतो का, हे शोधायला इनर्शियाचा ढोल अपुरा पडतो. अचूकतेची किल्ली मात्र येथे ब्रेकवरच्या भारमापकाच्या हाती असते. तो वेळोवेळी तपासावा लागतो. तपासणी अगदी प्रोनींच्या पद्धतीची. एक मीटरच्या दांड्याला २० किलोचे प्रमाणित वजन टांगले, की पडद्यावर १९६ न्यूटन-मीटर दिसले पाहिजे. ही तपासणी शेवटची केव्हा झाली, असे ग्राहकाने विचारले तर त्यात उद्धटपणा काही नाही. सोन्याच्या दुकानात तराजू पाहण्याइतकेच ते रास्त आहे.

रस्त्यावरच अश्वशक्ती मोजणारी उपग्रहाधारित उपकरणे आणि भ्रमणध्वनीवरची अॅपही मिळतात. गाडीचे वजन, वेग आणि वेगवाढ यांवरून ती शक्ती काढतात. रस्त्याचा अर्धा अंश चढ, समुद्रावरून येणारा वारा आणि गाडीत बसलेले दोन मित्र एवढ्यानेही हा हिशेब चुकतो. शिवाय सार्वजनिक रस्ता ही चाचणीची जागा नव्हे. किनारा तर नव्हेच. काशीद-नागावच्या ओल्या वाळूइतका समर्थपणे अश्वशक्ती शोषणारा डायनो अद्याप कोणी बनवलेला नसावा. तिचा अनुभव पर्यटक वरचेवर घेत असतात.

हवेचा हिशेब

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे. पुणे आणि श्रीवर्धन यांतला फरक मिटवण्यासाठी प्रत्येक डायनो मूळ मोजणीला एका दुरुस्ती गुणकाने गुणतो. आजचे दिवस जर ‘प्रमाण हवामाना’चे असते तर इंजिनाने किती दिले असते, असे ते उत्तर. अडचण अशी, की प्रमाण हवामाने एकापेक्षा जास्त आहेत. अमेरिकेचे एसएई जे १३४९ हे प्रमाण आणि युरोपचे आर ८५ हे नियमन, दोन्ही २५ अंश सेल्सियस आणि कोरड्या हवेचा ९९० मिलिबार दाब धरतात. जर्मनीचे जुने डीआयएन प्रमाण २० अंश आणि १०१३ मिलिबारचे. ट्यूनिंगच्या जगात ‘एसटीडी’ नावाने ओळखले जाणारे प्रमाण त्याहून थंड, साडेपंधरा अंशांच्या हवेचे. संगणकावर एसएईऐवजी एसटीडी निवडले, की गाडीला हातही न लावता आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढतो. तापमानाच्या आणि दाबाच्या या चौकटी कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतात. तिकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही.

‘कोरड्या हवेचा दाब’ ही कल्पना किनारपट्टीवर विशेष महत्त्वाची. वायुभारमापकावर दिसतो तो एकूण दाब. त्यातला पाण्याच्या वाफेचा वाटा इंजिनाच्या उपयोगाचा नसतो. उदाहरणादाखल अलिबागची मे महिन्यातील एक दुपार घेऊ. दाब १००६ मिलिबार, तापमान ३३ अंश, सापेक्ष आर्द्रता ७० टक्के. वाफेचे ३५ मिलिबार वजा करता कोरडी हवा उरते ९७१. सूत्रात घातले की गुणक येतो १.०४. त्याच दिवशी पुण्यात दाब ९४५, तापमान ३८ आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर कोरडी हवा ९३२ आणि गुणक १.१०. म्हणजे चाकांवर प्रमाणित ७३ पीएस देणारी आपली गाडी अलिबागला प्रत्यक्षात ७० आणि पुण्यात ६६ दाखवील. दोन्ही ठिकाणी गुणक प्रामाणिकपणे लावला, तर उत्तर ७३ च्या जवळ यावे. समुद्रसपाटीचा फायदा दमट उकाड्याने बराचसा खाल्ला जातो, हेही यातून दिसते. जानेवारीतील कोरड्या सकाळी अलिबागचा गुणक एकाच्या खालीही जाऊ शकतो.

आर ८५ नियमनानुसार पेट्रोल इंजिनासाठी हा गुणक ०.९३ ते १.०७ यांच्या बाहेर गेला, तर नुसती दुरुस्ती पुरेशी मानली जात नाही आणि चाचणीच्या वेळची हवा अहवालात स्पष्ट नोंदवावी लागते. पुण्याच्या उंचीवर उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मोठ्या प्रयोगशाळा इंजिनाला पुरवायची हवा स्वतंत्रपणे नियंत्रित करतात, याचे कारण हेच. कार्यशाळांना ते शक्य नसते. निदान तापमापक कोठे टांगला आहे, एवढे तरी पाहावे. तो गाडीच्या तापलेल्या बॉनेटजवळ लटकत असेल, तर संगणकाला हवा फार गरम वाटते आणि गुणक आपोआप वाढतो.

टर्बो गाड्यांच्या बाबतीत हा गुणक सरळसरळ दिशाभूल करू शकतो. टर्बो बाहेरच्या विरळ हवेची तूट बऱ्याच अंशी स्वतःच भरून काढतो. पुण्यात १०० पीएस देणारी टर्बो गाडी समुद्रसपाटीला फार तर थोडी जास्त देईल. तिला टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा १.१० हा गुणक लावला, की कागदावर ११० पीएस अवतरतात. टर्बो डिझेलसाठी प्रमाणांत वेगळे सूत्र आहे आणि त्यात इंधनपुरवठ्याचे प्रमाणही विचारात घेतात. रस्त्यावरच्या आजच्या बहुसंख्य डिझेल गाड्या टर्बोच्या आहेत, हे लक्षात घेता घाटमाथ्यावरून आलेल्या डिझेल गाडीच्या आलेखावर ‘दुरुस्तीविना’ आकडा मागून घेणे शहाणपणाचे.

विजेच्या गाड्यांना हवेचा हा जाच नाही. त्यांची मोटार अलिबागला आणि महाबळेश्वरला तेवढेच देते. तेथे प्रश्न वेळेचा. बॅटरी आणि मोटार तापेपर्यंत काही सेकंद मिळणारी कमाल शक्ती वेगळी आणि अर्धा तास सलग टिकणारी शक्ती वेगळी. आर ८५ मध्ये तीस मिनिटांच्या शक्तीची स्वतंत्र व्याख्या आहे, पण जाहिरातीत बहुधा पहिलीच येते.

कागद हाती आल्यावर

रीमॅप करून घेणाऱ्याने आकड्याच्या मोठेपणापेक्षा फरकाकडे पाहावे. तोच डायनो, तोच गिअर, टायरमध्ये तेवढीच हवा, इंजिनाचे तेच तापमान आणि तेच दुरुस्ती प्रमाण ठेवून आधी तीन आणि नंतर तीन फेऱ्या घेतल्या, तर मिळणारा फरक विश्वासार्ह. आधीच्याच तीन फेऱ्यांत आपापसात दोन अश्वशक्तींचा फरक असेल, तर नवीन फिल्टरने दिलेल्या दीड अश्वशक्तीला अर्थ नाही. सलग फेऱ्यांत आकडा उतरत जातो तो पुढच्या पंख्याची हवा कमी पडते म्हणून. ताशी शंभर किलोमीटरचा वारा शेडमधला पंखा सहसा देऊ शकत नाही. दुसऱ्या शहरातल्या, दुसऱ्या बनावटीच्या यंत्राचा कागद शेजारी ठेवून केलेली तुलना मनोरंजनापुरती ठीक.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नमूद केलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद आहे. डायनोचा सुंदर छापील आलेख अशा वेळी मालकाच्या बाजूचा पुरावा ठरण्याची शक्यता कमीच.

बंदरातली अश्वशक्ती

रायगडच्या किनाऱ्यावर अश्वशक्ती हा शब्द मोटारींपेक्षा मच्छीमार नौकांच्या संदर्भात अधिक ऐकू येतो. रेवस-बोडणीपासून थळ, रेवदंडा, मुरूड-एकदरा, श्रीवर्धनच्या जीवना बंदरापर्यंत यांत्रिक नौका डिझेलवर चालतात आणि नौकेच्या नोंदणीत इंजिनाची अश्वशक्ती लिहिलेली असते. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात नौका किनाऱ्यावर ओढल्या की इंजिनांची कामे निघतात. पण नौका रोलरवर चढवता येत नाही. इंजिन बाहेर काढून वॉटर-ब्रेकला जोडणे हा एकच पक्का मार्ग, आणि तो खर्चाचा.

त्यातही इंजिनपट्टीवरचा आकडा नीट वाचावा लागतो. तेच मूळ इंजिन ट्रकमध्ये थोडा वेळ पूर्ण जोर देते, नौकेत मात्र जाळे ओढताना तासन्‌तास एका जोराने चालते. म्हणून सागरी इंजिनांना सलग कामाची आणि थोड्या वेळाची अशी वेगवेगळी मूल्ये देतात आणि सलग कामाचे मूल्य नेहमीच लहान असते. दोन नाखवे आपापल्या इंजिनांची तुलना करतात तेव्हा एकाचा आकडा पहिल्या प्रकारचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या प्रकारचा असू शकतो.

डायनोविना करता येण्यासारखी एक कसोटी मात्र आहे आणि ती रेन्ये यांच्या स्प्रिंगच्या साधनाच्या कुळातली आहे. नौका मजबूत दोराने धक्क्यावरच्या खुंटाला बांधायची, मध्ये भारमापक लावायचा, इंजिन पूर्ण जोरात चालवायचे आणि ओढ मोजायची. याला ‘बोलार्ड पुल’ म्हणतात. बंदरात मोठी जहाजे ओढणाऱ्या टग नौकांची क्षमता जगभर अशीच टनांत सांगितली जाते. ही ओढ अश्वशक्ती थेट सांगत नाही, कारण तिच्यात पंख्याचा व्यास, त्याच्या पात्यांची पीळ आणि त्यावर चढलेली कालवे यांचाही हिशेब येतो. मात्र दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर, भरतीच्या त्याच पातळीला आणि धक्क्यापासून दूर पुरेशा खोल पाण्यात ती दोनदा मोजली, तर बदललेल्या नोझलने वा नव्या पंख्याने काही दिले की नाही, हे किलोंमध्ये कळते. पाणी उथळ असले किंवा दोर आखूड असला, तर पंख्याने मागे फेकलेले पाणी धक्क्यावर आपटून परत येते आणि ओढ खोटी दिसते. जाळ्याला लागते ती ओढच.